भुकेच्या महिन्यांची बेगमी

अमरावती जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या वरूड तालुक्याची ख्याती त्याच्या संत्र्यांनी सर्वदूर नेली आहे, आणि दिवाळीच्या सुमारास आंबिया बहराची तोड भरात आली म्हणजे जरूड, लोणी, पुसला, शेंदुरजनाघाट या गावांच्या वाटांवर फळांनी लादलेल्या गाड्यांची जी वर्दळ लागते ती पाहणाऱ्या परस्थ पाहुण्याच्या मनात, या संपन्न मुलखात एखादे लेकरू अर्धपोटी निजत असेल, अशी शंकाही येणार नाही. परंतु तालुक्याचे एकंदर उत्पन्न पाहून भूक कोणाच्या दारातून मागे फिरत नाही. ती एका विशिष्ट घरात, विशिष्ट महिन्यांत, आणि बहुधा त्या घरातील सर्वांत लहान जिवाच्या वाट्याला येते. ज्याच्यापाशी बाग नाही, विहीर नाही, केवळ दोन हात आहेत, अशा मजुराच्या कोठीचा तळ ज्येष्ठ सरता सरता दिसू लागतो. पावसाची झड लागली की रोज बुडतो, आणि झड उघडली की आई पहाटे भाकरी टाकून निंदणाला जाते ती दिवस मावळता परतते. मागे राहिलेल्या दीड-दोन वर्षांच्या लेकरास आजी किंवा थोरली बहीण सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा भरविते. एवढ्याशा पोटात एका वेळी मावणार किती? त्याच दिवसांत विहिरी-नाल्यांचे पाणी गढूळ होऊन हगवण येते, तापाची साथ येते, आणि वैशाखात हसत-खेळत असलेले मूल भाद्रपदापर्यंत ओळखू येईनासे होते.

अन्नदानाची वानवा वऱ्हाडात कधीच नव्हती. माघात गजानन महाराजांच्या प्रकटदिनाचा महाप्रसाद, चैत्रात रामनवमी आणि हनुमान जयंतीचे भंडारे, मध्यंतरी गावोगावचे सप्ताह आणि त्यांचे काले, यांत प्रतिवर्षी किती पंगती उठतात याची मोजदाद करणेही कठीण. परंतु या साऱ्या पंगतींच्या तिथी मांडून पाहिल्या तर त्यांतील बहुतेक माघ ते चैत्र या काळात येतात, म्हणजे जेव्हा तूर घरात आलेली असते, हरभरा निघालेला असतो, गहू खळ्यावर असतो आणि मजुराच्या घरीही दोन पैसे खुळखुळत असतात. यात दात्याचा दोष नाही, कारण हातात असते तेव्हाच माणूस देतो. तरीही ज्यांना मुलांच्या भुकेविरुद्ध काही टिकाऊ काम उभे करावयाचे आहे त्यांनी आपल्या कामाचा आरंभ या एका गोष्टीपासून करावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते: धान्य दात्याच्या सुगीत गोळा करावे, पण ते लेकराच्या भुकेच्या महिन्यांत पोहोचवावे, आणि मधल्या काळात ते जपून ठेवण्याची तजवीज करावी. या लेखात पुढे जे व्यावहारिक विवेचन केले आहे ते सारे या एकाच सूत्राचा विस्तार आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य अमरावती जिल्ह्यास कोणी नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. याच जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांचा, म्हणजेच मेळघाटाचा, उल्लेख १९९३ च्या सुमारास तेथील कोरकू आदिवासी बालकांच्या मृत्यूंमुळे देशभर होऊ लागला. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘कोवळी पानगळ’ या अहवालातून महाराष्ट्रातील बालमृत्यूंचे खरे आकडे सरकारी दप्तरातील आकड्यांहून किती अधिक आहेत हे दाखविले, आणि त्यानंतर २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. बैरागडला डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्याने, धारणीजवळ उतावलीला डॉ. आशीष सातव यांनी रुग्णसेवेत जे आयुष्य वेचले ते वाचकांस परिचित आहेच. परंतु मेळघाटाकडे बोट दाखवून उरलेल्या जिल्ह्याने निश्चिंत होणे योग्य नव्हे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील १०० मुलांपैकी सुमारे ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आणि सुमारे २६ मुले उंचीच्या मानाने रोडावलेली आढळली. आणि इतकी मुले काही केवळ डोंगरदऱ्यांत राहत नाहीत. ती बागेच्या कडेला घातलेल्या राहुटीत, वीटभट्टीच्या आवारात, कापूस वेचावयास आलेल्या कुटुंबात, आणि गावाच्या टोकाच्या वस्तीतही असतात.

आता हे काम कोणत्या रीतीने करावे? मूठभर धान्याची रीत मराठी मुलखास नवी नाही. पणजीस १९०८ साली मुष्टिफंड संस्था उभी राहिली ती घरोघरच्या मूठभर तांदळावर, आणि त्यातून शिक्षणाचे कार्य चालले. पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहाचे १९०९ च्या आरंभकाळचे विद्यार्थी माधुकरीच्या अन्नावर शिकले. भूदानाच्या काळात विनोबांनी सर्वोदय पात्राची कल्पना मांडली, तीत घरातील सर्वांत लहान मुलाच्या हातून रोज एक मूठ धान्य एका भांड्यात टाकावयाचे असे. मूठ लहान मुलाची असावी, ही त्यातील खरी मार्मिक गोष्ट, कारण तीमुळे देणे घराला कधीच जड होत नाही आणि देण्याची सवय मात्र आयुष्याच्या आरंभीच लागते. आपल्याच जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी ऋणमोचनच्या पौषातील यात्रेत अंध-अपंगांना जेवू घालण्याचा जो परिपाठ पाडला, त्यात स्वतः महाराज गावात शिरताच आधी झाडू हाती घेत आणि श्रम केल्यावाचून भाकरीस हात लावीत नसत, हे स्मरणात ठेवण्याजोगे आहे. या सर्व उदाहरणांत समान गोष्ट ही की देणगी लहान होती, पण ती नियमित होती, आणि तिच्यामागे हिशेब ठेवणारा एक विश्वासू माणूस होता.

पाश्चात्त्य देशांत ज्यांस अन्नपेढ्या म्हणतात त्यांचा उगम निराळा आहे. अमेरिकेतील फिनिक्स शहरी जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ मध्ये पहिली अन्नपेढी काढली ती दुकानदारांकडून टाकून दिल्या जाणाऱ्या पण खाण्यास योग्य अशा मालावर. तेथे पुडक्यांत बंद केलेला माल मुबलक आणि साठवणुकीची शीतगृहे जवळ, म्हणून ती पद्धत तेथे फळाला आली. आपल्याकडे उरते ते लग्नाच्या मांडवातले शिजलेले अन्न, आणि तेही वैशाखात, जेव्हा वऱ्हाडातील उष्मा ४५ अंशांपलीकडे जातो. असे अन्न शिजल्यापासून दोन तासांच्या आत, चांगले कढत असताना प्रौढ माणसांच्या मुखी गेले तर पुण्यच आहे. शिल्लक अन्न गोळा करून वाटणाऱ्यांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये नियमही केले आहेत. पण दोन वर्षांच्या लेकरासाठी ते विसंबण्याजोगे नाही. रात्रीच्या पंगतीचे वरण सकाळी ज्या मुलाने खाल्ले त्याला हगवण लागली तर महिनाभराच्या पोषणावर एका दिवसात पाणी पडते. म्हणून लहान मुलांसाठी कोरडा शिधा आणि ताजे शिजविलेले अन्न, एवढीच दोन रूपे मान्य करावीत.

कामाचा पहिला टप्पा धान्य गोळा करण्याचा नसून मुले ओळखण्याचा आहे, आणि त्यासाठी नवी पाहणी करण्याचा खटाटोप करू नये. गावातील प्रत्येक बालकाची वजन-उंची अंगणवाडीत दरमहा नोंदविली जाते. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती या दोघींना कोणत्या घरी चूल उशिरा पेटते हे कोणत्याही समितीपेक्षा अधिक ठाऊक असते. त्यांच्याशी आणि त्यांच्या पर्यवेक्षिकेशी प्रथम बोलावे, आणि शक्य झाल्यास पंचायत समितीच्या आवारातील बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांस एक साधे पत्र देऊन आपला हेतू कळवावा. सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर मोजणारी रंगीत पट्टी अंगणवाडीत असते. घेर १२.५ सेंटिमीटरपेक्षा अधिक, म्हणजे हिरव्या खुणेत, असेल तर चिंता नाही, ११.५ ते १२.५ या दरम्यान, म्हणजे पिवळ्या खुणेत, असेल तर ते मूल आपल्या कामाचे खरे लक्ष्य होय; आणि घेर ११.५ च्या खाली असेल, किंवा दोन्ही पावलांवर बोट दाबले असता खळगा राहील अशी सूज असेल, तर ते मूल आपल्या शिध्याचे राहिले नाही, ते दवाखान्याचे झाले. अशा मुलास कळवळ्याने एकदम पोटभर खाऊ घालणे त्याच्या जिवावर बेतू शकते, कारण दीर्घ उपासमारीने त्याच्या शरीराची घडी बदललेली असते आणि त्याला ठरावीक मापाचा उपचारात्मक आहार वैद्यकीय देखरेखीखाली द्यावा लागतो. त्याला तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्यावे, ग्राम बाल विकास केंद्रात अथवा पोषण पुनर्वसन केंद्रात त्याची भरती होईल असे पाहावे, आणि आई त्याच्याजवळ राहिली तर तिचा बुडालेला रोज व घरी राहिलेल्या भावंडांचे जेवण यांची सोय हे काम हाती घेणाऱ्या आपल्या मंडळाने करावी. भरतीस नकार देणाऱ्या आया निष्काळजी असतात, असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. मागे राहिलेल्या तिघांना रांधून कोण घालील, हा त्यांचा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर शेजारच्या चार घरांना देता येते.

दुसरा प्रश्न काय गोळा करावे हा. येथे बहुतेक मंडळ्या गहू आणि तांदूळ यांवर भर देतात, आणि त्यामागे चांगुलपणाच असतो. परंतु ज्यांच्याकडे शिधापत्रिका आहे त्यांना रास्त भावाच्या दुकानातून नेमके तेच मिळत असते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. जे मिळत नाही ते डाळ, शेंगदाणे, तेल, गूळ, अंडी, पालेभाजी. मुलाची वाढ याच पदार्थांवर अडते. म्हणून मंडळाने दारोदारी जाताना स्पष्ट सांगावे की आम्हांला तुरीची किंवा हरभऱ्याची डाळ हवी, शेंगदाणे हवेत, गूळ हवा, गोडेतेल हवे. गहू थोडा चालेल. मेळघाटाच्या अनुसूचित क्षेत्रात डॉ. अब्दुल कलाम यांच्या नावाने २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेखाली गरोदर व स्तनदा मातांना चौरस आहार आणि मुलांना अंडे अथवा केळे देण्याची तरतूद आहे. आपले गाव त्या योजनेत येते की नाही हे प्रकल्प कार्यालयात विचारून घ्यावे, आणि येत नसेल तर आठवड्यातून दोन-तीन अंडी ही आपल्या मंडळाची पहिली देणगी असू द्यावी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने घरी करता येण्याजोगे एक मिश्रण पूर्वीच सुचविले आहे, आणि ते वऱ्हाडच्या स्वयंपाकघरास मुळीच परके नाही: भाजलेला गहू ४० ग्रॅम, भाजलेला हरभरा १६ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १० ग्रॅम आणि गूळ २० ग्रॅम. या ८६ ग्रॅमांत सुमारे ३३० कॅलरी आणि ११ ग्रॅमांहून थोडी अधिक प्रथिने असतात, आणि एका लहान मुलास दिवसातून दोनदा, कढत पाण्यात किंवा दुधात कालवून, हे पुरवणी म्हणून पुरते. जिन्नस निरनिराळे भाजावेत, कारण शेंगदाणा लवकर करपतो आणि गहू उशिरा भाजला जातो. मग एकत्र दळून गूळ किसून घालावा. पावसाळ्यात एका वेळी आठवड्यापुरतेच पीठ करावे, अन्यथा दाण्याच्या तेलामुळे ते खवट होते. चाळीस मुलांच्या एका महिन्याच्या सोयीसाठी ४८ किलो गहू, सुमारे १९ किलो हरभरा, १२ किलो शेंगदाणे आणि २४ किलो गूळ लागेल, म्हणजे एकूण जिन्नस १०३ किलोंच्या आसपास. आता हे पाहा की एका मोठ्या माणसाच्या मुठीत ४० ग्रॅम धान्य धरले आणि दीडशे घरांनी रोज एक मूठ बाजूला काढली तर दिवसाला ६ किलो आणि महिन्याला १८० किलो धान्य जमते. ज्या गावात दीडशे घरे आहेत तेथे चाळीस लेकरांचा हा प्रश्न सुटू शकत नाही, असे म्हणण्यास जागा उरत नाही.

एक सावधगिरी या प्रसंगी सांगितली पाहिजे. अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे तीन-चार वर्षांखालील मुलाच्या हातात देऊ नयेत. घशात अडकून श्वास कोंडण्याचा संभव असतो. दाणे नेहमी कुटून किंवा दळून द्यावेत.

संत्र्यांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून वरूडच्या वाचकाचे समाधान होणार नाही. बाजारात भाव न मिळणारी बारीक फळे, ज्यांना आपण चुरी म्हणतो, हंगामात मातीमोलाने जातात किंवा बांधावर पडून राहतात. ती मुलांना अवश्य द्यावीत. संत्र्यातील क जीवनसत्त्वामुळे अंबाडीच्या भाजीतील, डाळीतील आणि ज्वारीतील लोह शरीरास अधिक लागते, म्हणून जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच अर्धे फळ दिले तर त्याचा उपयोग दुणावतो. परंतु केवळ फळे वाटून आपण भूक भागविली असा समज करून घेऊ नये. संत्र्याने पोट भरत नाही आणि मांसही वाढत नाही. ते डाळ-भाकरीचे सोबती आहे. बागायतदारांच्या सहकारी संस्थांना माझी विनंती एवढीच की तोडणीच्या दिवसांत प्रत्येक बागेतून दोन कॅरेट चुरी जवळच्या अंगणवाडीत आणि शाळेत जाईल अशी वहिवाट पाडावी, आणि त्याच वेळी बागेत राबणाऱ्या मजुरांची जी मुले झाडाखाली खेळत असतात त्यांना त्यातून वगळू नये.

काय घेऊ नये, हे काय घ्यावे याइतकेच महत्त्वाचे आहे. तान्ह्या मुलांसाठी दुधाच्या पावडरीचे डबे आणि दूध पाजण्याच्या बाटल्या कोणी कितीही प्रेमाने आणून दिल्या तरी नाकाराव्यात. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय बाळास काहीच लागत नाही, पाणीसुद्धा नाही. गढूळ पाण्यात कालवलेली पावडर आणि न उकळलेली बाटली यांनी बालकांचे प्राण घेतले आहेत, आणि याच कारणास्तव १९९२ च्या केंद्रीय कायद्याने अशा वस्तूंच्या फुकट वाटपास, अनाथालयांचा अपवाद वगळता, मनाई केली आहे. त्या पैशांतून बाळंतिणीला डाळ, गूळ, तेल द्यावे; आईला दिलेले अन्न बाळाला पोहोचते. बिस्किटांचे पुडे आणि मसालेदार कुरकुरीत पाकिटे यांनी मुलाची भूक मरते आणि पोषण होत नाही. बुरशी आलेले शेंगदाणे वेगळे काढून टाकून द्यावेत, कारण त्या बुरशीचे विष यकृतास घातक असते. पेरून उरलेले बियाणे, ज्यावर औषधाचा लाल-गुलाबी रंग चढविलेला असतो, ते कितीही धुतले तरी धान्यात मिसळू देऊ नये. लाखेची डाळ मुलांच्या शिध्यात असू नये. तसेच किडीपासून रक्षणासाठी ज्या पोत्यांत विषारी गोळ्या ठेवल्या असतील ते धान्य स्वीकारू नये. दात्यास हे विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

संग्रहाचे वेळापत्रक पिकांच्या क्रमाने आखावे. तूर घरात आली की माघ-फाल्गुनात डाळ मागावी, हरभरा आणि गहू चैत्रात मागावा, शेंगदाणे व गूळ यांसाठी ज्यांच्या बागेचा मृग बहर विकला गेला आहे त्यांच्याकडून रोख वर्गणी घ्यावी. धान्य कडक उन्हात वाळवून, दाताखाली धरले असता कट्कन तुटेल इतके कोरडे झाल्यावर, कडुलिंबाच्या पाल्याबरोबर कोठीत भरावे. डाळीला गोडेतेलाचा हलका हात फिरविला तर ती टिकते. कोठी भिंतीपासून व जमिनीपासून वर असावी. उंदीर आणि ओल हे गरिबाच्या धान्याचे मोठे शत्रू असून त्यांचा बंदोबस्त संग्रहापूर्वीच करावा. वाटपाचा मुख्य काळ ज्येष्ठाच्या अखेरीपासून भाद्रपदापर्यंत धरावा. विदर्भातील शाळा उन्हाच्या तडाख्यामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे मे आणि जून या दोन महिन्यांत शाळकरी मुलांना दुपारचे जेवण मिळत नाही. ज्या मुलाच्या दिवसातील सर्वांत भरपेट जेवण शाळेतले असते त्याच्यासाठी ती सुट्टी म्हणजे सक्तीचा अर्धउपवास होय. अशा मुलांसाठी सुट्टीतील दुपारची खिचडी, मंदिराच्या सभामंडपात किंवा बुद्धविहाराच्या ओसरीवर, बचत गटाच्या महिलांनी शिजविली तर अल्प खर्चात मोठे काम होते. ज्यांना वाढदिवस किंवा पितरांची तिथी साजरी करावयाची आहे त्यांच्यासाठी शालेय पोषणाच्या योजनेत तिथी भोजनाची तरतूद आहेच. ती तिथी श्रावणात येत नसली तरी तिचे जेवण श्रावणात देता येते, आणि पितर त्यास हरकत घेतील असे मला वाटत नाही.

वाटप करताना एका वास्तवाची जाणीव ठेवावी. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलास अंगणवाडीतून घरपोच आहाराची पाकिटे मिळतात. पण घरात चार मुले असली की त्या पाकिटाचे चार वाटे होतात आणि ज्याच्या नावाने ते आले त्याच्या तोंडी चौथाई पडते. आईने तसे करू नये, असे तिला सुनावणे निर्दयपणाचे आहे. म्हणून शिधा देताना तो केवळ त्या एका मुलापुरता न देता कुटुंबास महिन्याला दोन-तीन किलो डाळ आणि एक किलो तेल असा द्यावा, म्हणजे धाकट्याचे पाकीट धाकट्यालाच राहील. निंदणाच्या दिवसांत अंगणवाडीच्या वेळेनंतर दोन-तीन वडीलधाऱ्या स्त्रियांनी लहान मुलांना एकत्र सांभाळून दुपारी आणि चार वाजता भरविण्याचे पत्करले, तर डाळीच्या पोत्यांनीही न होणारे काम त्यातून होईल. कारण मुलाच्या आजाराचे कारण जितके रिकामे भांडे असते तितकेच रिकामे घरही असते.

तोडणीसाठी, वेचणीसाठी आणि वीटभट्टीसाठी बाहेरून, विशेषतः सीमेपलीकडील मध्यप्रदेशातून, आलेली कुटुंबे या सर्व व्यवस्थेतून निसटून जातात. त्यांचे नाव येथील पटावर नसते आणि त्यांच्या गावच्या पटावर असूनही ती तेथे नसतात. अशा प्रत्येक मुलास ते जेथे राहत आहे तेथील अंगणवाडीत आहार मिळाला पाहिजे, आणि त्यांची शिधापत्रिका देशात कोठेही चालते. या दोन गोष्टी मुकादमाला आणि बागमालकाला समजावून सांगणे, व मुलांना सोबत घेऊन अंगणवाडीच्या दारापर्यंत जाणे, हे मंडळाच्या तरुणांनी आपले काम मानावे. यास धान्याचा एक दाणाही लागत नाही.

मुलांना रांगेत उभे करून, हातात पुडे देऊन छायाचित्रे काढण्याची जी प्रथा पडली आहे तिचा मनःपूर्वक त्याग करावा. सहा वर्षांच्या मुलाला लाज कळते. शिधा संध्याकाळी, सेविकेच्या हस्ते, घरी पोहोचवावा. नावांची यादी मंडळाच्या कारभाऱ्याजवळ आणि सेविकेजवळ असावी, सूचनाफलकावर नव्हे. फलकावर लावावयाचा तो जमाखर्च: किती किलो आले, किती गेले, किती शिल्लक, आणि किती किडले. किडलेल्याचा आकडाही लपवू नये. सार्वजनिक रीतीने धान्य वा वर्गणी जमा करणाऱ्या नोंदणी नसलेल्या मंडळाने, गणेश मंडळे घेतात त्याप्रमाणे, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क अन्वये धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परवानगी घ्यावी, आणि प्रत्येक देणगीस, मग ती पावशेर डाळ का असेना, पावती द्यावी. वस्तुरूप देणगीवर आयकराची सवलत मिळत नाही, हे मोठ्या दात्यांस आधीच सांगितलेले बरे.

शेवटी हक्काची गोष्ट. आपला संग्रह सरकारी आहाराची जागा घेण्यासाठी नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या मूळ अनुसूचीनुसार सहा महिने ते सहा वर्षे या वयाच्या प्रत्येक बालकास अंगणवाडीतून दररोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, आणि तीव्र कुपोषित बालकास ८०० कॅलरी मिळावयाच्या होत्या. पहिली ते पाचवीच्या मुलास शाळेत ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलास ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने. या आकड्यांचे आजचे रूप मंडळातील प्रत्येकास पाठ असावे. एखाद्या महिन्यात पुरवठा आला नाही, किंवा आला आणि निकृष्ट निघाला, तर आपल्या कोठीतून ती उणीव गुपचूप भरून काढणे हा मुलांवर अन्याय आहे, कारण उणीव दिसेनाशी झाली की तगाद्याचे कारणच उरत नाही. मुलांना आपल्या कोठीतून जेवू घालावेच, पण त्याच दिवशी लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. दंडाच्या पट्टीचे आकडे, दरमहा किती मुले पिवळ्या खुणेतून हिरव्या खुणेत गेली आणि किती मागे आली, आहाराचे किती दिवस भरले व किती बुडाले, यांचा गोषवारा नावे वगळून एका पानावर तयार ठेवावा. १५ ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे भुकेच्या महिन्यांच्या ऐन मध्यावर, गावोगाव ग्रामसभा भरते. रस्ते, नाल्या आणि दिवे यांच्या आधी हा कागद वाचला जावा असा विषय सरपंचांकडे आठ दिवस अगोदर लेखी द्यावा, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून तो कार्यक्रमपत्रिकेत घालून घ्यावा, आणि वाचून झाल्यावर त्यावर झालेला ठराव इतिवृत्तात रुजू झाला आहे की नाही हे सभा बरखास्त होण्यापूर्वी पाहून घ्यावे.